बिनतारी लहरींना कुलूप

नभोवाणीवरचे भाषण ही मोठी गमतीची गोष्ट आहे. बोलणारा एका बंद खोलीत बसतो. खोलीचे दार जाड, भिंती आवाज गिळणाऱ्या, बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. पण त्याच खोलीत उच्चारलेला शब्द त्याच क्षणी चावडीवर ऐकू येतो, ओसरीवर ऐकू येतो, मळ्यातल्या खोपीतही ऐकू येतो. लहरीला बांध कळत नाही आणि कुंपणही कळत नाही. वाड्यावर जेवढी पोहोचते, तेवढीच ती झोपडीतही पोहोचते. शिवाय कोण ऐकतो आहे, किती जण ऐकत आहेत, हे बोलणाऱ्याला मुळीच समजत नाही.

हा नभोवाणीचा गुण झाला. पण ह्याच गुणाची एक दुसरी बाजू आहे आणि आज तीच आपणापुढे मांडावयाची आहे. कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत एक लहानसे नभोवाणी केंद्रच येऊन बसले आहे. भिंतीवर टांगलेली, दोन-तीन शिंगे वर काढून बसलेली आणि हिरवे दिवे लुकलुकवणारी ती पेटी आपण रोज पाहतो. तिला राऊटर म्हणतात. तारेतून किंवा काचतंतूतून आलेले इंटरनेट ती लहरींवर बसवते आणि घरभर पसरवते. पण ‘घरभर’ हा आपला शब्द झाला. लहरीला तो ठाऊक नाही. ती भिंतीतून निघते, अंगण ओलांडते, रस्त्यावर येते आणि शेजाऱ्याच्या माजघरात शिरते.

नभोवाणीचे बोलणे सर्वांसाठी असते, म्हणून ते सर्वत्र गेले तर आनंदच. राऊटरचे बोलणे मात्र आपले खासगी असते. मुलांचे निकाल, दवाखान्याचे कागद, पैशांचे व्यवहार, मुलीने परगावाहून पाठवलेला फोटो, हे सारे त्यात आले. मग लहर अडवता येत नसेल, तर आपले घरगुती बोलणे घरातच राखायचे कसे? ह्या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. तो ऐकला म्हणजे राऊटरची मांडणी करताना कोणती कळ का दाबायची, हे पाठ करावे लागणार नाही. ते आपोआप उमजेल.

सुरुवात आपल्याच देशातून करू. १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी एक प्रयोग करून दाखवला. एका खोलीत त्यांनी विद्युत्-चुंबकीय लहर निर्माण केली आणि भिंतीपलीकडच्या खोलीत तिने घंटा वाजवली, बंदुकीची दारूही पेटवली. मध्ये तार नव्हती, दोरी नव्हती. त्या काळच्या प्रेक्षकांना ही जादूच वाटली असेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट एवढीच, की भिंत ही लहरीला अडसर नव्हे. बोसांच्या लहरी फार आखूड होत्या, काही मिलिमीटरांच्या. नभोवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात. आणि आपल्या घरच्या राऊटरची नेहमीची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरांची, म्हणजे एका वितीहूनही आखूड असते. लांबी वेगळी असली तरी जात एकच.

आता लंडनला जाऊ. साल १९०३. इटलीचा तरुण संशोधक मार्कोनी तोवर जगप्रसिद्ध झाला होता. त्याने अटलांटिक महासागराच्या पलीकडे बिनतारी संदेश पाठवला होता. तारायंत्राच्या कंपन्यांना धडकी भरली होती. पण व्यापाऱ्यांची आणि आरमाराची एक शंका होती. संदेश जर हवेतून जाणार, तर तो भलत्याच्या हाती नाही का पडणार? मार्कोनीचे उत्तर असे, की आम्ही दोन्हीकडची यंत्रे एका ठराविक लहरीवर जुळवतो. ज्याचे यंत्र तसे जुळवलेले नाही त्याला काही ऐकू येणार नाही.

हे सिद्ध करण्यासाठी ४ जून १९०३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जाहीर प्रयोग ठेवला होता. मार्कोनी स्वतः इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, पोल्ड्यू येथे, म्हणजे सुमारे तीनशे मैलांवर. लंडनला व्याख्यान देत होते प्राध्यापक फ्लेमिंग. सभागृह भरलेले. आणि ठरलेला संदेश यायच्या आधीच यंत्र टिकटिकू लागले. कागदाच्या पट्टीवर एकच शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला. तो शब्द होता ‘उंदीर’. त्यामागून मार्कोनीची टवाळी करणारी कविता आली.

हा उद्योग होता नेव्हिल मास्केलिन ह्या गृहस्थाचा. तो जादूचे खेळ करणाऱ्या घराण्यातला होता आणि बिनतारी यंत्रांचा चांगला जाणकारही होता. त्याने जवळपासच आपले प्रेषणयंत्र मांडले आणि जुळवलेल्या यंत्रातही आपण शिरू शकतो, हे भर सभेत दाखवून दिले. प्राध्यापक फ्लेमिंग संतापले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून ह्या प्रकाराला गुंडगिरी म्हटले. मास्केलिननेही वर्तमानपत्रातूनच उत्तर दिले. त्याचा आशय असा, की लोकांना जे सुरक्षित म्हणून विकले जात आहे ते तसे आहे की नाही, हे पाहण्याचा हक्क लोकांना आहे.

श्रोतेहो, तो खोडकर होता, तारायंत्राच्या कंपनीचा पैसाही त्याच्या मागे होता; पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. लहर जुळवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. नभोवाणी संचाची खुंटी फिरवून आपण हवे ते केंद्र लावतो, तशी ती कोणालाही फिरवता येते. हा धडा १९०३ साली मिळाला. तो पुढे किती वेळा विसरला गेला, ते आता पाहू.

त्याआधी आपल्या मुंबईची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘छोडो भारत’ चळवळीत, ऑगस्ट १९४२ मध्ये, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. उषाताई तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या. त्यांचा आवाज देशाला ऐकू जावा हीच इच्छा, म्हणून लहर उघडी. पण जी लहर स्वातंत्र्यप्रेमी घरांत जात होती, तीच पोलिसांच्या गाड्यांतल्या यंत्रांवरही येत होती, आणि आपण कोणत्या दिशेने आलो हेही सांगत होती. म्हणून हे तरुण जागा बदलत राहिले, आज एका घरी तर उद्या दुसऱ्या. अखेर नोव्हेंबरात पोलीस पोहोचलेच आणि उषाताईंना पुढे तुरुंगवास भोगावा लागला. लहर मित्र आणि शत्रू असा भेद करत नाही, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही. त्यांनी ते जीव धोक्यात घालून जाणले होते.

आता घरगुती राऊटरकडे वळू. संगणकांनी एकमेकांशी बिनतारी बोलावे, हा प्रयोग १९७१ साली हवाई बेटांवर झाला. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक नभोवाणीच्या लहरींनी जोडले. मध्ये समुद्र, तारा टाकणे खर्चाचे, म्हणून ही युक्ती. पुढे १९८५ साली अमेरिकेच्या सरकारने काही लहरपट्टे परवान्याविना वापरायला मोकळे केले. त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. ह्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह भट्टीही चालते. एका अर्थाने ती गायरान जमीन. कोणीही यावे, आपली गुरे चारावी, मात्र दुसऱ्याला त्रास देऊ नये. १९९७ साली ह्या गायरानावर संगणकांनी कसे बोलावे याचे नियम अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवले. त्या नियमावलीचा क्रमांक ८०२.११. बोलायला अवघड म्हणून १९९९ साली तिला एक सुटसुटीत नाव मिळाले, ‘वाय-फाय’.

आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगायचे तर १९३३ च्या कायद्यान्वये परवाना लागे. वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल, घरच्या रेडिओचेसुद्धा लायसन्स पोस्टात जाऊन काढावे लागे. १९८० च्या दशकात ते बंद झाले. आणि २००५ च्या जानेवारीत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. त्यानंतर वाय-फायची पेटी हळूहळू शहरांतून आणि मग गावांतून दिसू लागली.

नियम करणाऱ्यांना १९०३ चा धडा अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. लहर सर्वत्र जाणार, तेव्हा मजकूर सांकेतिक करून पाठवला पाहिजे हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी एक कुलूप दिले. त्याचे नाव डब्ल्यूईपी. नावाचा अर्थ असा, की तारेइतकाच खासगीपणा आम्ही बिनतारीत देतो. पण हे कुलूप कच्चे निघाले. का, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. शिक्षकांनी वर्गात हे जरूर करून पाहावे.

समजा, दोन मित्रांनी ठरवले की चिठ्ठीतले प्रत्येक अक्षर काही घरे पुढे सरकवून लिहायचे. पहिले अक्षर किती घरे, दुसरे किती, तिसरे किती, याचा आकड्यांचा तक्ता दोघांपाशीच. चिठ्ठी वाटेत कोणी उघडली तरी त्याला काही बोध होणार नाही. मात्र एक अट आहे. प्रत्येक चिठ्ठीला नवा तक्ता हवा. तोच तक्ता दोन चिठ्ठ्यांना वापरला, तर तिसरा मुलगा त्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवतो आणि अक्षराखाली अक्षर मांडून वजाबाकी करतो. तक्ता दोन्हीत सारखाच, म्हणून तो वजाबाकीत उडून जातो. उरतो तो दोन मजकुरांमधला फरक. मग थोड्या तर्काने दोन्ही चिठ्ठ्या उलगडतात.

डब्ल्यूईपीत नेमके हेच झाले. तक्ते बदलण्याची सोय होती, पण वेगवेगळ्या तक्त्यांची संख्या होती १,६७,७७,२१६. ऐकायला पावणेदोन कोटींच्या घरात. परंतु त्या काळचे वाय-फाय पूर्ण वेगाने चालले, तर साधारण पाच तासांत हा साठा संपून तक्ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. शिवाय मूळ किल्ली फार आखूड होती, कारण बळकट सांकेतिक यंत्रे देशाबाहेर विकण्यावर तेव्हा अमेरिकेत निर्बंध होते. २००१ साली फ्लूरर, मांटिन आणि शमीर ह्या तिघा शास्त्रज्ञांनी निबंध लिहून दाखवले, की पुरेशा चिठ्ठ्या गोळा केल्या तर किल्लीच हाती लागते. २००७ साली जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील संशोधकांनी तेच काम मिनिटाभरात होऊ शकते हे दाखवले.

निबंध छापून आले, धोका जगजाहीर झाला. तरी कच्ची कुलपे भिंतीवर तशीच राहिली. त्याची किंमत मोजावी लागली. २००७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने कबूल केले, की चोरांनी तिच्या यंत्रणेतून साडेचार कोटींहून अधिक बँक-कार्डांची माहिती पळवली आहे. चोर शिरले कुठून? एका दुकानाच्या बाहेरून, हवेतून, त्याच डब्ल्यूईपीच्या फटीतून.

तुम्ही म्हणाल, “अहो, ही अमेरिकेतली मोठी दुकाने. आमच्या घरात कोण कशाला शिरतंय? आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?” हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. त्याचे उत्तर नवी मुंबईत आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तो कुठून आला, याचा माग पोलिसांनी काढला. माग जाऊन पोहोचला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी. त्या घरात राहणाऱ्या गृहस्थांचा ह्या कटाशी काडीचा संबंध नव्हता. त्यांचे वाय-फाय मात्र उघडे होते. कोणीतरी बाहेरून ते वापरले आणि काम साधून निघून गेले. राहिला तो पत्ता. पोलिसांनी संगणक ताब्यात घेतले, चौकशी झाली, नाव वर्तमानपत्रांतून गाजले. पुढच्या दोन महिन्यांत असेच आणखी दोन ई-मेल आले. एकाचा माग माटुंग्याच्या एका महाविद्यालयापर्यंत आणि दुसऱ्याचा चेंबूरच्या एका कंपनीपर्यंत गेला. दोन्ही ठिकाणी तीच कथा. दुसऱ्याच्या लहरीवर स्वार होऊन आलेला अनोळखी माणूस. २००९ साली दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या, की ग्राहकांची वाय-फाय जोडणी सुरक्षित असली पाहिजे.

तेव्हा “आमच्याकडे काय आहे?” ह्याचे उत्तर असे, की तुमच्याकडे तुमचे नाव आहे. तुमच्या जोडणीवरून जे जाते ते तुमच्या नावाने जाते. गोठ्याचे दार उघडे टाकले तर गाय जाते; पण इथे चोर काही नेत नाही, उलट आपले पाप आपल्या दारात ठेवून जातो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. डब्ल्यूईपी मोडल्यावर २००३ साली तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आले. २००४ साली त्याची पक्की आवृत्ती आली, ती डब्ल्यूपीए-२. त्यात एईएस नावाची सांकेतिक पद्धत आहे. डेमेन आणि रायमेन ह्या दोन बेल्जियन संकेतशास्त्रज्ञांनी ती रचली, आणि जगभरच्या जाणकारांनी उघडपणे तपासून झाल्यावर २००१ साली ती अमेरिकेत मानक ठरली. कुलूप कसे केले हे सर्वांना ठाऊक, किल्ली मात्र फक्त तुमच्यापाशी. बळकट कुलपाची खूण हीच.

कुलूप बळकट झाले, पण शेजारी एक खिडकी उघडी ठेवली गेली. लांब पासवर्ड टाकण्याचा लोकांना कंटाळा येतो, म्हणून २००७ साली डब्ल्यूपीएस नावाची सोय निघाली. आठ आकडी पिन टाकली की जोडणी तयार. आठ आकड्यांचे प्रकार दहा कोटी, मग भीती कसली? पण २०११ च्या डिसेंबरात उघडकीला आले, की पेटी पिनचे दोन तुकडे करून तपासते आणि पहिले चार आकडे चुकले तर लगेच तसे सांगते. म्हणजे पहिल्या तुकड्याला दहा हजार प्रयत्न. दुसऱ्यातला शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा, म्हणून तिथे एक हजार. एकूण अकरा हजार! दहा कोटींचे अकरा हजारांवर आले. वर्गात विचारा, मुलांना हे गणित आवडेल.

२०१७ साली बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ ह्या संशोधकाने डब्ल्यूपीए-२ मध्येही एक दोष शोधला. फोन आणि राऊटर ओळख पटवताना चार निरोपांची देवघेव करतात. तिसरा निरोप मुद्दाम पुन्हा पाठवला, तर फोन आपली मोजणी नव्याने सुरू करतो आणि तोच तक्ता दुसऱ्यांदा वापरला जातो. पाहा, दोन चिठ्ठ्या आणि एक तक्ता! सोळा वर्षांनी तीच चूक दुसऱ्या वाटेने परत आली. हा दोष यंत्रातल्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती घेतल्यावर दूर झाला. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांचा दोष तसाच राहिला. २०१८ साली डब्ल्यूपीए-३ आले. त्यात हवेतले बोलणे टिपून घेऊन घरी बसून पासवर्डचे अंदाज बांधता येत नाहीत. प्रत्येक अंदाज दारात उभे राहूनच करावा लागतो.

आणखी एक साल लक्षात ठेवा, २०१६. त्या वर्षी ‘मिराई’ नावाच्या घातक कार्यक्रमाने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर आपल्या काबूत घेतले आणि ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या इंटरनेट सेवा काही तास बंद पाडल्या. त्याने कोणते कुलूप फोडले? एकही नाही. कारखान्यातून आलेले सुमारे साठ ठराविक नाव-पासवर्ड त्याने एकामागून एक लावून पाहिले. लोकांनी ते बदललेच नव्हते.

आता ह्या इतिहासातून घरचे काम काय निघते ते पाहू. अर्ध्या तासाचे काम आहे. राऊटरच्या बुडाशी एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर त्याचा आतला पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तत्सम. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनवर वा संगणकावर तो पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला की मांडणीचे पान उघडते.

पहिले काम, त्या पानाचाच पासवर्ड बदलणे. हा वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याच्या हाती हे पान, त्याच्या हाती सारे घर. तो तुम्हाला तुमच्या नकळत भलत्याच ठिकाणी नेऊन सोडू शकतो. बाहेरून, इंटरनेटवरून हे पान उघडण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. मिराईचा धडा तो हाच.

दुसरे काम, सिक्युरिटीच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ किंवा डब्ल्यूपीए-२ एईएस निवडणे. तिथे ‘ओपन’ किंवा डब्ल्यूईपी दिसले तर आजच बदला. आणि पेटी इतकी जुनी असेल की तिला दुसरे काही येतच नाही, तर तिला निवृत्त करा. तिसरे, डब्ल्यूपीएस बंद करणे. चौथे, वाय-फायचे नाव बदलणे. नावात आडनाव किंवा घरक्रमांक नसावा. पाचवे, फर्मवेअर, म्हणजे पेटीतला कार्यक्रम, वेळोवेळी ताजा करणे. फोनचेही तसेच.

सहावे काम पासवर्डचे, आणि इथे शिक्षकांसाठी एक गणित देतो. जन्मतारीख पासवर्ड ठेवली तर शंभर वर्षांच्या मिळून तारखा साडेछत्तीस हजार. संगणकाला ते चुटकीचे काम. मोबाईल नंबर? आपल्याकडचे नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे प्रकार चारशे कोटी. डब्ल्यूपीए-२ चे बोलणे टिपून एखाद्या ताकदवान यंत्राने सेकंदाला दहा लाख अंदाज केले, तर चार हजार सेकंद लागतील, म्हणजे एक तास सात मिनिटे. आता उलट करा. मराठीतले पाच हजार शब्द घ्या. त्यांतले चार, एकमेकांशी काही संबंध नसलेले, चिठ्ठ्या टाकून उचला. ते रोमन अक्षरांत लिहा. प्रकार किती? पाच हजारांचा चौथा घात. त्याच यंत्राला सारे तपासायला सुमारे वीस वर्षे लागतील. आणि पाचवा शब्द जोडला तर वीसचे जवळजवळ एक लाख होतात. ‘वरवंटा’, ‘पाऊस’, ‘टपाल’, ‘हरभरा’ असे शब्द आजीच्याही लक्षात राहतात. मात्र हेच चार घेऊ नका, बरे का! ते आता सर्वांनी ऐकले.

दोन उपाय मात्र नुसते समाधानाचे आहेत. वाय-फायचे नाव लपवणे हा एक, आणि ठराविक यंत्रांनाच क्रमांक पाहून आत घेणे हा दुसरा. नाव लपवले तरी ते लहरीतून सापडते. यंत्राचा क्रमांक हवेत उघडाच फिरत असतो आणि त्याची नक्कल करता येते. मार्कोनीच्या जुळवणीसारखेच हे. त्यांना कुलूप समजू नका.

शेवटी एक मनातली गोष्ट. गावात कोणी पाणी मागितले तर आपण नाही म्हणत नाही, तसे शेजारच्या मुलाने परीक्षेचा अर्ज भरायला नेट मागितले तर नाही म्हणवत नाही. म्हणूही नये. पण पाणी देताना आपण तांब्या भरून देतो, माजघराची किल्ली देत नाही. बऱ्याच राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे असते. त्याला ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणतात. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, अधूनमधून बदला आणि कोणाला दिला ते लक्षात ठेवा. शाळेतही शिक्षकांचे जाळे वेगळे आणि मुलांचे वेगळे असावे. निकालाचे कागद आणि मुलांचे खेळ एका ओसरीवर नकोत. आणि पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवू नये. फळा खिडकीतूनही दिसतो.

श्रोतेहो, बोसांच्या घंटेपासून आपल्या घरच्या पेटीपर्यंत लहर तीच राहिली. ती भिंत मानत नाही आणि मानणारही नाही. शास्त्रज्ञांनी कुलपे केली, ती मोडली, पुन्हा अधिक चांगली केली. ते त्यांचे काम ते करत आहेत. पण कुलूप कितीही चांगले असले तरी ते दाराला लावणे हे घरधन्याचेच काम. आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास काढा, त्या पेटीखालचा कागद वाचा आणि घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून हे काम उरका. पुढच्या वेळी बदल करायचा झाला तर तेच तुम्हाला शिकवतील.